उंबरठ्याचा कायदा

बखर वाचताना तीत देवीचा दृष्टान्त आला, शकुन आला, स्वप्न आले, की ती पाने भराभर उलटून लढाईच्या हकिकतीपाशी येऊन थांबावे, असा नवशिक्या इतिहासवाचकाचा कल असतो. आम्हीही पुष्कळ दिवस तसेच करीत होतो. पुढे ध्यानात आले, की लढाई झाली की नाही हे ठरविण्यास दृष्टान्ताचा उपयोग नसला, तरी लढणारी माणसे कशाला भीत होती आणि कशाच्या आधारावर उभी होती, हे त्या उलटून टाकलेल्या पानांतच लिहिलेले असते. आज आम्ही ज्या साधनांकडे श्रोत्यांचे लक्ष वेधणार आहोत, ती बखरीतल्या दृष्टान्तांहूनही हलकी समजली जातात. अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस आणि चालू शतकाच्या आरंभी शाळाकॉलेजांतल्या मुलामुलींसाठी दूरचित्रवाणीवर ज्या पिशाचमालिका निघाल्या, त्या ही साधने होत. त्यांतील प्रेमप्रकरणांशी किंवा मारामाऱ्यांशी आम्हांस आज कर्तव्य नाही. आम्हांस त्यांतील घरे पाहावयाची आहेत. आणि घरांतही विशेषेकरून उंबरठा.

व्हॅम्पायर ह्या शब्दास मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. रिचर्ड बर्टनने १८७० साली आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत सांगताना वेताळाचा व्हॅम्पायर करून टाकला, पण ते काही खरे नव्हे. आपला वेताळ झाडाला लोंबकळतो, कोडी घालतो आणि राजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा पाहतो. व्हॅम्पायर म्हणजे मरूनही न मेलेला मनुष्य. तो जिवंतांच्या रक्तावर जगतो, उन्हात जळतो, आणि त्याच्यावर एक चमत्कारिक बंधन असते. घरातल्या कोणी 'या' म्हटल्यावाचून त्याला त्या घरात पाऊल टाकता येत नाही. सोयीसाठी आम्ही त्याला पिशाचच म्हणू.

हे बंधन कोठून आले? ब्रॅम स्टोकरने १८९७ साली 'ड्रॅक्युला' ही कादंबरी लिहिली, तीत ते स्पष्ट सांगितलेले आहे. परंतु कल्पना त्याच्याही आधीची. गटेच्या 'फाउस्ट'मध्ये, म्हणजे १८०८ साली, सैतानाचा दूत दारावर टकटक करतो व तीन वेळा 'ये' म्हणवून घेतल्याखेरीज आत येत नाही. कोलरिजच्या १८१६ साली छापलेल्या 'क्रिस्टाबेल' काव्यात तर घरची मुलगी त्या परक्या बाईला आपल्या हातांनी उचलून उंबरठ्याच्या आत आणते. उंबरठा ही आत आणि बाहेर यांमधली जागा, हे आपल्याला नव्याने सांगावयास नको. हिरण्यकशिपूचा वध घरातही नाही आणि बाहेरही नाही, असा उंबरठ्यावरच झाला. वाल्मीकीच्या रामायणात नसलेली लक्ष्मणरेषा लोकांनी मागाहून काढली, तीही ह्याच जाणिवेतून. पण आपली रेषा आणि त्यांचा उंबरठा यांत एक फरक आहे. आपल्या कथेत सीता रेषेबाहेर आली की घात होतो. त्यांच्या कथेत घरातल्याने बाहेरच्याला आत बोलावले की घात होतो. एकीत पाऊल टाकण्याची चूक आहे, दुसरीत शब्द देण्याची.

ह्या दुसऱ्या कल्पनेमागे इंग्रजांचा कायदा उभा आहे, असे आम्हांस वाटते. १६०४ साली सेमेन नावाच्या माणसाच्या खटल्याचा वृत्तान्त देताना एडवर्ड कोक ह्या कायदेपंडिताने प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला आहे हे तत्त्व लिहून ठेविले. राजाच्या शेरीफानेदेखील आधी आपण कोण आणि कशासाठी आलो ते दाराशी सांगावे, मग आत यावे, असा त्याचा भावार्थ. हे तत्त्व घेऊन इंग्रज अमेरिकेत गेले. १७६५ साली पार्लमेंटने तेथील वसाहतींवर सैनिकांच्या निवासाचा भार टाकला, तेव्हा त्यावरून मोठा क्षोभ झाला. आणि स्वातंत्र्यानंतर १७९१ साली घटनेला ज्या पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या, त्यांतील तिसरीने शांततेच्या काळात मालकाच्या संमतीवाचून घरात शिपाई ठेवण्यास बंदी केली, तर चौथीने वाजवी कारणावाचून झडती घेण्यास. म्हणजे संमतीवाचून उंबरठा ओलांडू नये, हा तेथील राज्यघटनेचाच दंडक आहे. पिशाच तो दंडक निमूटपणे पाळते. त्या बाबतीत ते पुष्कळ शिपायांपेक्षा बरे.

आता मालिकांकडे वळू. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' ही मालिका १० मार्च १९९७ रोजी सुरू झाली आणि २० मे २००३ रोजी संपली. सात वर्षांत तिचे १४४ भाग झाले. जॉस व्हेडन हा तिचा कर्ता. कॅलिफोर्नियातील सनीडेल नावाचे कल्पित गाव. त्या गावाखाली नरकाचे तोंड. आणि पिशाचांचा नायनाट करण्याचे काम जिच्या वाट्याला जन्मानेच आले आहे अशी सोळा वर्षांची शाळकरी मुलगी, बफी समर्स, ही तिची नायिका. आईबापांचा घटस्फोट झालेला. आई जॉइस मुलीला घेऊन लॉस एंजलिसहून ह्या गावी येते आणि चित्रे-मूर्ती विकण्याचे दालन चालविते. त्यांचे घर दुमजली, पुढे ओटा आणि खांब, मागे स्वयंपाकघर, खाली तळघर, वर मुलीची स्वतंत्र खोली.

ही स्वतंत्र खोली साधी गोष्ट नव्हे. तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना एक वेगळा वर्ग समजून त्यांना 'टीनएजर' हे नाव पडले ते विसाव्या शतकाच्या चाळिशीत, आणि दार लावून बसता येईल अशी खोली त्यांच्यातल्या पुष्कळांना मिळू लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपनगरांत. बफीच्या घरास ह्यामुळे दोन वाटा आहेत. पुढचे दार आईचे. तेथून भाजीपाला, पाहुणे आणि बिले येतात. खोलीची खिडकी मुलीची. रात्री ती त्याच खिडकीतून बाहेर पडते आणि ज्याच्यावर जीव जडला तो एंजल नावाचा पिशाचही तिच्यातूनच येतो. एकाच छपराखाली दोन घरे आहेत आणि आईला दुसऱ्या घराचा पत्ता नाही. ही स्थिती दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत, म्हणजे मे १९९८ पर्यंत टिकते. मुलगी काय करते हे आईला त्या रात्री कळते. आता ह्या घरातून बाहेर पडलीस तर परत येऊ नकोस, असे आई रागाच्या भरात म्हणते. आणि मुलगी, जगबुडी टाळावयाची असल्यामुळे, बाहेर पडते. पिशाचाला आत येण्यास जसा घरच्यांचा शब्द लागतो, तसाच घरच्यांनाही लागतो, हे त्या प्रसंगी प्रथम दिसते.

उंबरठ्याचा नियम ह्या मालिकेत पुष्कळ ठिकाणी वापरला आहे, पण घात होतो तो नेहमी आदरातिथ्यामुळे. पहिल्याच वर्षी डार्ला नावाची पिशाचीण शाळेतली मैत्रीण म्हणून, हातात पुस्तके घेऊन अभ्यासाला आल्याचे सांगते. जॉइस तिला प्रेमाने आत घेते, खायला काय देऊ म्हणून विचारते, आणि त्यानंतर स्वयंपाकघरात तिच्याच गळ्याला दात लागतात. पाचव्या वर्षाच्या आरंभी, २००० साली, खुद्द ड्रॅक्युला गावात येतो. त्यालाही जॉइस कॉफीसाठी घरात बोलावते. अतिथीला देव मानण्याची शिकवण आपल्याला आहे. जॉइसला ती कोणी दिली नसावी, तरी ती पाळते, आणि त्याबद्दल मालिका तिची थट्टा करीत नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये दाखविलेल्या एका भागात एंजल दुष्ट झालेला असतो. तो रात्री अंगणात जॉइसला गाठून तिच्यामागोमाग दारापर्यंत येतो. आत बफीची मैत्रीण विलो आमंत्रण परत घेण्याचा मंत्र म्हणत असते. जॉइस उंबरठा ओलांडते. तो मागोमाग पाऊल टाकतो आणि काही दिसत नसताना जागच्या जागी अडतो. एवढाच तो प्रसंग. त्या सात वर्षांत जी अनेक राक्षसयुद्धे झाली, त्यांपेक्षा हा क्षण आमच्या जास्त ध्यानात राहिला आहे.

नियमाची दुसरी बाजू मात्र मालिका उच्चारून सांगत नाही. ती आपण पाहावयाची. जिवंताच्या घराला हे संरक्षण आहे, मेलेल्याच्या घराला नाही. स्पाइक नावाचा पिशाच चौथ्या वर्षापासून स्मशानातील एका दगडी थडग्यात बिऱ्हाड करतो. दूरचित्रवाणीचा संच आणतो, पुढे खालच्या भुयारात पलंग, गालिचेही मांडतो. टाकाऊ सामानातून उभा केलेला तो संसार आहे. पण बफी येते ती लाथेने दार उघडून. टकटक करण्याची तसदी कोणी घेत नाही. ज्याला नियम पाळावा लागतो त्याच्या वाट्याला नियमाचे रक्षण येत नाही. एंजल ज्या ओसाड वाड्यात राहतो त्याचे बाह्यदृश्य म्हणून फ्रँक लॉइड राइटने १९२४ साली लॉस एंजलिसच्या टेकडीवर बांधलेले एनिस हाउस दाखविले आहे. नक्षीदार काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, माया लोकांच्या मंदिरासारखे दिसणारे ते घर १९९४ च्या भूकंपात बरेच खिळखिळे झाले होते. चित्रपटवाले त्याच्या फार पूर्वीपासून ते भुतांसाठीच वापरीत आले. एका थोर वास्तुकाराच्या घराच्या नशिबी हे यावे, याची आम्हांस थोडी गंमत वाटते.

मग हा नियम कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो? येथे आपल्याला पडद्यावरचे सनीडेल सोडून ज्या गावात त्याचे चित्रीकरण झाले तिकडे गेले पाहिजे. बफीचे घर बाहेरून दाखवावयाचे असे तेव्हा ते लॉस एंजलिसच्या दक्षिणेस असलेल्या टॉरन्स गावातील एका खऱ्या घराचे असे. तिची शाळा म्हणजे त्याच गावातील हायस्कूलची इमारत. टॉरन्स हे १९१२ साली मुद्दाम आखून वसविलेले गाव. कारखाने एका बाजूस, कामगारांची घरे दुसऱ्या बाजूस, मध्ये झाडे आणि रस्ते. आखणी ओल्मस्टेड बंधूंची, आणि अनेक इमारती अर्व्हिंग गिल ह्या नामांकित वास्तुकाराच्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशा गावांभोवती घरांच्या वसाहती झपाट्याने उठल्या. १९३४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने कर्जाची हमी घेतली आणि १९४४ च्या कायद्याने परत आलेल्या सैनिकांना सवलत दिली. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून चार वर्षांत सुमारे १७ हजार घरे उभी राहिली. पण त्याच लेव्हिटटाउनच्या पहिल्या भाडेपट्ट्यांत, घरातील नोकर सोडून गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणालाही ह्या जागेत राहू देऊ नये, अशी अट छापलेली होती. गृहनिर्माण प्रशासनाच्या पुस्तिका अशा अटींची शिफारस करीत. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने शेली यांच्या खटल्यात निकाल दिला, की असले करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत. करार लुळे पडले, पण रिवाज चालू राहिला. टॉरन्समधील एका नव्या वसाहतीत काळ्या गिऱ्हाइकांना घरे विकीत नाहीत म्हणून 'कोअर' ह्या समतावादी संघटनेने १९६३ साली तेथे निदर्शने केली. अटका झाल्या. मार्लन ब्रँडो हा नटही त्या उन्हाळ्यात निदर्शकांबरोबर तेथे चालला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने घरविक्रीतील भेदभावाविरुद्ध कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, तेथील मतदारांनी जवळजवळ दोनतृतीयांश मतांनी तो फिरविला! घरमालकाने कोणाला विकावे हा त्याचा खाजगी हक्क, असे त्या ठरावाचे म्हणणे. १९६६ साली राज्याच्या आणि १९६७ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला, आणि १९६८ साली केंद्राचा कायदा झाला.

मालिकेतले घर त्या वसाहतीतले नव्हे. गाव मात्र तेच. ज्या गावी, आमच्या संमतीवाचून आमच्या आळीत पाऊल टाकू नका, असे गोऱ्या घरमालकांनी माणसांना सांगितले, त्याच गावी चौतीस वर्षांनी तेच वाक्य पिशाचांना सांगण्यात आले. कथालेखकांना हे ठाऊक होते असा आमचा दावा नाही. पण काहीच ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. १९९८ च्या शरदात सनीडेलमध्ये मिस्टर ट्रिक नावाचा एक काळा पिशाच येतो. गावातून मोटारीने फिरताना तो शेरा मारतो, की वस्ती सारी गोऱ्यांचीच दिसते, पण मृत्यूचे प्रमाण वाखाणण्याजोगे आहे. विनोद म्हणून लोक हसले असतील. आम्ही ते वाक्य टिपून ठेविले.

त्याच्या पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, ही गोष्ट आणखी खोल जाते. विद्यापीठात नव्या इमारतीची पायाभरणी चालू असताना जमीन खचते आणि १८१२ च्या भूकंपात गडप झालेले जुने स्पॅनिश मिशन खाली सापडते. त्यातून चुमाश लोकांचा सूडात्मा बाहेर येतो. चुमाश हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील खरेखुरे मूलनिवासी. मिशनांत कोंडले जाऊन रोगराईने आणि श्रमाने त्यांची वाताहत झाली. तो दिवस थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे आल्यागेल्याला ताटावर बसविण्याचा सण. बफी जाइल्स नावाच्या आपल्या गुरूच्या घरी मेजवानी रांधीत असते. दारात स्पाइक उभा. सरकारी शास्त्रज्ञांनी त्याच्या डोक्यात यंत्र बसविल्यामुळे त्याला कोणाला चावता येत नाही; तो भुकेला आहे आणि आत घेण्याची विनवणी करतो आहे. आत मित्रमंडळींचा वाद चालू आहे, की ज्यांची जमीन घेतली त्यांच्या भुताला मारावे, की त्याची क्षमा मागावी. खुर्चीला बांधलेला स्पाइक वैतागून त्यांना सुनावतो, की तुम्ही जिंकलात, त्यांना मारलेत, आता हळहळ कसली. वाद तडीस जात नाही. बाण येऊ लागतात, घराची लढाई होते, भूत मरते आणि सगळे जेवावयास बसतात. त्या भागावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. मूलनिवासी माणसाला त्यात भुताखेरीज दुसरी भूमिका नाही. तरी एक गोष्ट खरी, की घरमालकाने पिशाचाला 'या' म्हणावयाचे असेल, तर मुळात घरमालकाला ह्या भूमीवर 'या' कोणी म्हटले होते, हा प्रश्न त्या जेवणाच्या टेबलावर तासभर पडून होता. सनीडेलच्या स्थापनेची जी कथा मालिकेने दिली आहे तीही ह्याच्याशी जुळते. गावच्या महापौराने शंभर वर्षांपूर्वी हे गाव वसविले ते राक्षसांना चारा मिळावा म्हणून. वसाहत उभी करणारा तिच्यातील कुटुंबांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, ह्याचे इतके रोखठोक वर्णन आम्ही नगररचनेच्या ग्रंथांतही वाचलेले नाही.

ह्या मालिकेतूनच 'एंजल' नावाची दुसरी मालिका फुटली व १९९९ ते २००४ पर्यंत चालली. तिचा नायक लॉस एंजलिसमध्ये हायपेरियन नावाच्या ओसाड हॉटेलात बिऱ्हाड करतो. ऑक्टोबर २००० मधील एक भाग त्या हॉटेलाचा १९५२ सालचा इतिहास सांगतो. हॉटेल सार्वजनिक, तेथे पिशाचाला आमंत्रण लागत नाही. एंजल तेव्हाही तेथे खोली घेऊन राहत होता. त्याच हॉटेलात एक तरुणी लपली आहे. तिची आई काळी, बाप गोरा. गोरी म्हणून ती बँकेत नोकरी करीत होती आणि खरे कळताच काढली गेली. खाली गल्ल्यावर एक काळे कुटुंब सामानसुमानासह उभे आहे, आणि खोल्या रिकाम्या असताना व्यवस्थापक त्यांना जागा नाही म्हणून परत पाठवितो. पिशाचाला खोलीची किल्ली मिळते आणि माणसांना मिळत नाही. लेखकांनी ह्यावर एक शब्दही भाष्य केलेले नाही आणि ते फार बरे केले. प्रवासात काळ्या माणसांना कोठे आसरा मिळेल हे सांगणारी 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन ह्या पोस्टमनने १९३६ साली काढली, ती १९५२ साली चालू होती. हॉटेलांतील ही बंदी कायद्याने गेली ती १९६४ साली. एंजलच्याच मालिकेत पुढे, फेब्रुवारी २००१ मध्ये, एक स्त्री-पोलीस जीव देण्यासाठी गोळ्या घेते. एंजल दार फोडून आत जातो आणि तिला वाचवितो. मागाहून तिच्या ध्यानात येते, की आपण त्याला कधी आत बोलावलेच नव्हते. नियम त्या एका वेळी मोडला, आणि का मोडला ते कोणी समजावून सांगत नाही.

पुन्हा बफीच्या घरी येऊ. २००१ च्या फेब्रुवारीत जॉइस घरातच, बसावयाच्या खोलीतील कोचावर, साध्या आजारपणाच्या गुंतागुंतीने मरते, पिशाचाने नव्हे. घर आता बफीचे आणि तिची धाकटी बहीण डॉन हिचे. येथून घराचा विषय बदलतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तळघरातला नळ फुटतो, पाणी तुंबते, आणि सारे नळकाम नव्याने करावे लागेल असे कळते. आईच्या विम्याचे पैसे रुग्णालयाच्या बिलांत गेलेले. नरकाच्या तोंडावर पहारा करण्याबद्दल पगार नाही. बफी बँकेत कर्ज मागावयास जाते. नोकरी नाही, आणि ह्या गावात घरांना किंमत नाही, म्हणून बँक नाही म्हणते. पुढे तिला बर्गरच्या दुकानात टोपी घालून उभे राहावे लागते. तीनचार वर्षे थांबली असती तर त्याच कॅलिफोर्नियात उत्पन्नाचा दाखला न मागता कर्जे वाटली जात होती. पण त्यावेळी घर नळासकट गेले असते.

एवढे मात्र लक्षात घ्यावे, की बफीच्या मालिकेत कोणी खरेदीखत विचारीत नाही. वहिवाट पुरते. जॉइस गेल्यावर घर कोणाच्या नावे झाले ह्याची चर्चा नाही. दोघी बहिणी तेथे निजतात, जेवतात, म्हणून ते त्यांचे, आणि म्हणून उंबरठा शाबूत. आईबापांच्या तळघरात भाडे देऊन राहणारा झँडर, वसतिगृहातली विलो, यांच्याजवळ कसले कागद होते? आमंत्रण हेही वहिवाटीचेच. दिले जाते, परत घेतले जाते, पुन्हा दिले जाते. २००१ च्या फेब्रुवारीत स्पाइकवर दार बंद होते. मेमध्ये, शेवटच्या लढाईच्या रात्री, तो शस्त्रे घेण्यासाठी बफीबरोबर येतो आणि सवयीने दाराबाहेर थांबतो. ती जिन्यापाशी वळते आणि आत ये म्हणते. तो उंबरठ्याकडे पाहतो आणि मग पाऊल टाकतो. सातव्या वर्षी तेच घर जगभरातून आलेल्या मुलींनी भरून जाते. जमिनीवर अंथरुणे, न्हाणीघरापुढे रांग. आणि एप्रिल २००३ मध्ये ह्या मुली व मित्र मिळून नेतृत्वाच्या भांडणात बफीलाच घराबाहेर काढतात. शेवटचा शब्द डॉनचा, कारण घर तिचेही आहे. वहिवाटीवर उभे असलेले घर वहिवाटीनेच जाते. महिन्याभरात सारे सनीडेल जमिनीत गडप होते.

सहा वर्षांनी, १० सप्टेंबर २००९ रोजी, 'द व्हॅम्पायर डायरीज' सुरू झाली. २०१७ पर्यंत तिचे १७१ भाग झाले. एल. जे. स्मिथ यांच्या १९९१ पासूनच्या कादंबऱ्यांवर ती आधारलेली होती. व्हर्जिनियातील मिस्टिक फॉल्स हे कल्पित गाव. चित्रीकरण मुख्यतः जॉर्जियातील कव्हिंग्टनचे. मोठमोठ्या खांबांची, गुलामांच्या श्रमांवर उभी राहिलेल्या संपत्तीची ती घरे. पण त्या खोलात आज शिरत नाही. आम्हांस पाहावयाचे ते इतकेच, की मधल्या काळात उंबरठ्याचा कायदा बदलला. येथे दिलेले आमंत्रण परत घेता येत नाही. २०१० च्या वसंतात दाखविलेल्या एका भागात पिशाचांच्या टोळीने मिस गिबन्स नावाच्या एकाकी बाईच्या घरात मुक्काम ठोकला आहे. तिच्या मनावर त्यांनी ताबा मिळविला आहे, आणि इतर पिशाचांनी आत येऊ नये म्हणून तिला जिवंत ठेविले आहे. ती त्या घराचे कुलूप आहे. डेमन साल्व्हातोरे दाराशी येऊन तिला नवरा आहे का, मुलेबाळे आहेत का, असे विचारतो. नाहीत, म्हटल्यावर तो तिची मान मोडतो. उंबरठा लगेच मोकळा होतो. घरात कोण राहते हा प्रश्न आता वारस कोण ह्या प्रश्नात गेला.

दुसऱ्या वर्षी, २०११ साली, तर ही गोष्ट उघडच कागदावर येते. नायिका एलेना गिल्बर्ट हिला सुरक्षित जागा पाहिजे. स्टीफन व डेमन हे पिशाचबंधू आपले वडिलोपार्जित निवासगृह कायदेशीर दस्त करून तिच्या नावे करतात. सही होताच मालकांनाच दाराबाहेर थांबावे लागते. ती आधी स्टीफनला आत घेते; डेमनकडून, माझ्या मताने वागेन, असे वचन घेते आणि मगच त्याला आत बोलावते. ती त्यावेळी सतरा वर्षांची. अल्पवयीन मुलीच्या नावे असे हस्तांतर टिकेल काय, ह्याचा खल श्रोत्यांतील वकिलांनी घरी जाऊन करावा.

१९९७ आणि २०११ यांच्या मध्ये काय घडले? २००७ पासून अमेरिकेत घरकर्जे बुडू लागली, सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही पेढी कोसळली, आणि लाखो कुटुंबे ज्यांत वर्षानुवर्षे राहत होती त्या घरांतून निघाली. २०१० च्या शरदात उघडकीस आले, की बँकांच्या वतीने जप्तीच्या कागदांवर माणसे न वाचता, ढिगांनी, सह्या करीत होती. कर्जे इतक्या हातांतून विकली गेली होती, की घराचा दस्त नेमका कोणाजवळ आहे हेच काही ठिकाणी सांगता येईना. कथालेखकांनी ते कागद पाहून एलेनाचा प्रसंग रचला, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या हिवाळ्यात अमेरिकेतील घराघरांतून जो शब्द बोलला जात होता, तो मुलांच्या भुताच्या गोष्टीत आला. बफीच्या वेळी कोणी तो उच्चारला असता, तर पाहणारी मुले कंटाळली असती.

एलेनाच्या स्वतःच्या घराचे काय झाले, तेवढे सांगावयाचे राहिले. आईबाप मोटारीच्या अपघातात गेले. मावशी गेली. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एलेना स्वतःच मरून पिशाच झाली. त्या घरात राहणारा शेवटचा जिवंत माणूस म्हणजे धाकटा भाऊ जेरेमी, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तोही मारला गेला. भाऊ वर त्याच्या खोलीत ठेवलेला असताना एलेना खाली खोल्याखोल्यांतून तेल ओतते. कोचावर, पुस्तकांवर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मग ती काडी ओढते, आणि जळत्या घराकडे पाठ करून त्या दोघा भावांबरोबर रस्त्याने चालू लागते.